मुरूड-कर्दे किनाऱ्यानं चालणं आणि उन्हवऱ्याचं गरम पाणी: एका दिवसात कसं बसवावं?

शेवंती_पुणे विचारतात:

जानेवारीत आम्ही ८ जण दापोलीला दोन रात्री राहणार आहोत. मधला शनिवार पूर्ण मोकळा आहे. सकाळी मुरूडहून कर्द्याकडे समुद्राच्या कडेनं चालायचं आणि मग उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय मोकळे करायचे, असं ठरतंय. वयं १४ ते ६८. मोठ्या आत्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. दोन गाड्या आहेत, चालक आमच्यातलेच.

हे विचारायचं आहे:

१. निघायचं किती वाजता? कॅलेंडरात त्या शनिवारी अष्टमी दिसते. त्यानं भरती-ओहोटीत फरक पडतो का?
२. आधी चालणं की आधी कुंड?
३. पाणी नक्की किती गरम असतं? बायकांसाठी वेगळी सोय आहे का? आत्यांनी उतरावं का?
४. पन्हाळेकाजीची लेणीही त्याच बाजूला आहेत म्हणतात. तीही त्याच दिवशी होतील का?

---

सुरूबन यांचं उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं की बाकीचा दिवस आपोआप बसतो, म्हणून तिथेच जरा थांबतो.

जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणा, भरती पूर्ण होण्याची वेळ येते. अष्टमी म्हणजे ८ गुणिले पाऊण, ६. म्हणजे सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी १२ च्या आसपास पूर्ण ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या पाण्याचा आहे. दापोलीच्या किनाऱ्यावर भरती मुंबईपेक्षा थोडी आधी लागते. अष्टमीच्या आसपास तर ठोकताळा अर्धा-पाऊण तास सहज चुकतो, त्यामुळे आदल्या दिवशी हर्णैचं भरतीचं कोष्टक बघा आणि किनाऱ्यावरच्या कोळी माणसाला एकदा विचारा. त्याचं उत्तर सगळ्यात खात्रीचं.

तुमच्या शनिवारी सकाळी ७ ला पोचलात तर पाणी नुकतं उतरायला लागलेलं असेल. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे कमी चढणारी असते, उधाणाची नाही, त्यामुळे पाणी सुरूच्या बनापर्यंत चढत नाही आणि चालायला पट्टा मिळतो. पण तो वरचा, भुसभुशीत वाळूचा. त्या वाळूत पाऊल ३-४ बोटं रुततं, पोटऱ्या भरून येतात आणि दुखऱ्या गुडघ्याला ते अजिबात मानवत नाही. ओली, घट्ट वाळू उघडी पडायला भरतीनंतर किमान अडीच-तीन तास जावे लागतात. म्हणून ८:३० ला चालायला लागा. तोवर नाश्ता उरकून घ्या. जानेवारीत सूर्य उगवतो सव्वासातच्या आगेमागे, १०:३० पर्यंत ऊन सोसवतं.

पाणी सगळा वेळ एकाच वेगानं चढत-उतरत नाही. सहा तासांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी हलतं. पहिला तास संथ गेला म्हणून निवांत बसलेली माणसं या तिसऱ्या तासात फसतात, आणि वाळूवर नेलेल्या गाड्याही तेव्हाच अडकतात. गाडी किनाऱ्यावर उतरवूच नका. चाक रुतलं की इंजिन जितकं रेटाल तितकं ते खोल जातं.

अंतर: मुरूडच्या उत्तर टोकापासून कर्द्याच्या दक्षिण टोकापर्यंत चार-पाच किलोमीटर धरा. थांबत-बघत जाणाऱ्या गटाला दोन तास लागतात. एक गाडी आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी कर्द्याला लावून ठेवा, म्हणजे परत चालत यावं लागत नाही.

वाटेत ठिकठिकाणी गावातले पऱ्ये, म्हणजे ओहोळ, समुद्राला मिळतात. पऱ्या ओलांडायचा तो समुद्राच्या बाजूनं, जिथे पाणी पसरून पातळ झालेलं असतं. वरच्या अंगाला तो अरुंद दिसतो, म्हणून उडी मारून जाता येईल असं वाटतं. पण तिथे काठ ढासळतो आणि तळाला चिखल असतो. घोट्याच्या वर पाणी असेल तर अर्धा तास थांबा, ओहोटीत ते उतरतंच.

पायात मागे पट्टा असलेली सँडल घाला. घट्ट वाळूवर अनवाणी छान वाटतं, पण खडक आले की कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. अशी जखम झाली तर त्या माणसाला दुपारी कुंडात उतरता येणार नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

कर्द्याच्या दक्षिणेला डोंगराची सोंड समुद्रात उतरते. खडकांवरून वळसा घालून लाडघर गाठायचा मोह होतो. तो टाळा. शेवाळ, कालवं आणि मागून चढणारं पाणी, तिन्ही एकत्र येतात. लाडघर बघायचंच असेल तर गाडीनं जा. तिथले रंगीत गोटे आणि तांबूस दिसणारं पाणी, ज्याला तामस तीर्थ म्हणतात, ते अर्ध्या तासात बघून होतं.

आणखी एक. नोव्हेंबर ते मार्च हा या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा काळ. सकाळी वाळूवर ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा माग पाण्यातून वर आलेला आणि परत गेलेला दिसला तर त्या मागाच्या वरच्या टोकाला पाय देऊ नका, उकरू नका. गावातल्या कासवमित्रांना कळवा. जाळीचं कुंपण दिसलं तर ती हॅचरी, म्हणजे कासवांची अंडी सांभाळायची जागा आहे. मुलांना तिथे टेकू देऊ नका.

---

ऊनपाणी यांचं उत्तर:

वरच्या उत्तरात चालण्याचं सगळं आलं. मी कुंडाचं सांगते.

सगळ्यात आधी नाव. नकाशावर शोधताना उन्हवरे, तालुका दापोली असंच टाका. पालीजवळ रायगड जिल्ह्यात उन्हेरे आहे, राजापूरजवळ उन्हाळे आहे, आणि तिन्हीकडे गरम पाणी आहे, कारण तिन्ही नावं ऊन पाण्यावरूनच पडलेली. फोननं एक अक्षर बदललं की गाडी भलत्याच तालुक्याला निघते. दापोलीहून वाकवलीमार्गे साधारण ३५ किलोमीटर, रस्ता अरुंद आणि वळणांचा, सव्वा ते दीड तास धरा. आत जाताना मोबाइलची रेंज भरवशाची नाही. दोन्ही गाड्यांत नकाशा आधी उतरवून ठेवा.

उगमाशी पाणी ७० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ते अंगावर घ्यायचं पाणी नव्हे, त्यानं भाजतं. तिथून ते बांधलेल्या कुंडांत येतं आणि वाटेत निवतं. पुरुषांसाठी आणि बायकांसाठी वेगळी, आडोसा असलेली कुंडं आहेत. कुंडातही सगळीकडे सारखी ऊब नसते. पाणी जिथून आत पडतं तो कोपरा सर्वांत कडक, बाहेर जायच्या बाजूला सौम्य. उतरायचं ते नेहमी बाहेर जायच्या बाजूनं.

उतरायची रीत:

पायरीवर बसा. गंधकाचा उग्र वास पहिली दोन मिनिटं जाणवतो, मग नाक सरावतं. हाताची बोटं उष्णतेला सरावलेली असतात, म्हणून बोटांनी बघू नका. मनगटाची आतली बाजू बुडवून पाहा. तिथे १० अंक मोजेपर्यंत ठेवता आली तर घोटे बुडवा आणि १०० मोजा. मग पोटऱ्या, मग गुडघे. कमरेपर्यंत यायला ५ मिनिटं तरी घ्या. बाळाच्या आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर मिळतो, तो सोबत असला तर फार बरं: ४० ते ४२ अंशांत धडधाकट माणसानं १० मिनिटं बसावं, ४४ च्या वर फक्त पाय.

आत गेल्यावर शांत बसा. आपण स्थिर असलो की कातडीला लागून पाण्याचा एक थर निवतो आणि तो आपल्याला सांभाळतो. कोणी शेजारी पाणी ढवळलं की तो थर मोडतो आणि तेच पाणी एकदम चटका देतं. मुलं खेळायला लागली की मोठी माणसं "पाणी वाढलं" म्हणून ओरडतात, ते यामुळे.

१० मिनिटं झाली की बाहेर, ५ मिनिटं सावलीत बसून पाणी प्या, मग वाटल्यास पुन्हा १० मिनिटं. दोन फेऱ्या पुष्कळ. बाहेर येताना झटकन उभं राहू नका: गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात, उभं राहताच रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पायऱ्या ओल्या आणि बुळबुळीत असतात, तिथे पडलं तर डोकं दगडावर आपटतं. आधी पायरीवर बसा, एक मिनिट थांबा, मग हात धरून उठा.

आत्यांबद्दल: गोळ्या चालू आहेत म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तरी फक्त गुडघ्यापर्यंत, पायरीवर बसून, ८-१० मिनिटं, शेजारी एक माणूस. दुखऱ्या सांध्याला तेवढं पुरतं. गरोदर बाई, हृदयाचा आजार असलेला माणूस आणि ताप असलेला कोणीही उतरू नये. मधुमेहानं पायाची संवेदना कमी झालेल्यांनी तर पायही घालू नयेत. त्यांना चटका कळत नाही, फोड मात्र येतो.

डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. असं फार क्वचित होतं, पण झालं तर बहुतेकदा जीवावर बेततं. १४ वर्षांच्या मुलाला हे नीट समजावून सांगा, कारण बुडी मारायची हौस त्या वयातच असते.

चांदीचे पैंजण, जोडवी, अंगठ्या गाडीत काढून ठेवा, गंधकानं काळ्या पडतात. साबण, शाम्पू कुंडात नाही. गावातली आणि लांबून आलेली सांधेदुखीची, त्वचेच्या तक्रारीची माणसं तिथे औषध म्हणून येतात. त्यांना जागा द्या, फोटो काढू नका. बायकांच्या कुंडाशी फोन बाहेर काढायचाच नाही.

---

शेवंती_पुणे:

दोघांचे मनापासून आभार. म्हणजे आमच्या शनिवारी ८:३० ला चालणं, १०:३० ला कर्दे, आणि कुंडावर पोचेपर्यंत १२:३०. मग जेवण कधी? आणि शनिवार एक आठवडा पुढे ढकलला तर बरं पडेल का? मुक्काम अजून बदलता येतो.

---

सुरूबन:

एक आठवडा पुढे गेलात की अष्टमीच्या जागी पौर्णिमा किंवा अमावास्या येते आणि सगळं उलटतं. भरती ११-१२ ला, ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. उधाणाचं पाणी असल्यामुळे भरतीला वर चढतं, पण ओहोटीला तितकंच लांब हटतं आणि मुरूडपासून कर्द्यापर्यंत रुंद, घट्ट पट्टा मिळतो. अशा दिवशी क्रम फिरवा. सकाळी ८ ला दापोलीहून निघून ९:३० ला कुंड, जेवण, दुपारी विसावा, आणि ४ ला मुरूडहून चालायला सुरुवात. सूर्य ६:१५ नंतर बुडतो, तोवर कर्दे येतं. परतीचं पाणी चढायच्या आत तुम्ही रस्त्यावर असता.

ओहोटीच्या त्या वेळी वाळूकडे बघत चला. बारीक खेकडे वाळू चाळून मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती मांडतात. गोळ्यांची रांगोळी मोठी आणि कोरडी असेल तर पाणी तिथून हटून बराच वेळ झालाय. गोळ्याच नाहीत आणि वाळू चकचकीत आहे, तर पाणी आत्ता तिथे होतं. मुलाला हे दाखवा. कोष्टक न बघता पाणी कळायला लागतं.

सकाळीच चालायचं असा हट्ट असेल तर द्वितीया ते चतुर्थी निवडा. ओहोटी ७:१५ ते ९ च्या दरम्यान येते आणि सगळं जमून येतं. फक्त नवमी ते द्वादशी सकाळचं चालणं टाळा. तेव्हा सकाळी पाणी चढतं किंवा भरलेलं असतं.

पाण्यात उतरायचंच झालं तर घोटाभर. उतरत्या पाण्याला बाहेर ओढ असते, पोहणाऱ्यालाही ती आत नेते. उथळ पाण्यात पाय न उचलता घसटत चाला, वाळूत लपलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बाजूला होतं. पाकटाचा काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि लगेच दवाखाना. काटा आत असेल तर उपटू नका.

---

वाटसरू_खेड यांचं उत्तर:

जेवण आणि गाड्या यांवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

भरल्या पोटी कुंडात उतरायचं नाही आणि रिकाम्या पोटीही नाही. अष्टमीच्या शनिवारी असं करा: ७:३० ला पोहे किंवा घावनं, १०:३० ला कर्द्याला शहाळं आणि २ केळी, १२:३० ला कुंड, १:३० ला जेवण. उन्हवऱ्याला आठ माणसांचं जेवण आयतं मिळेल हे गृहीत धरू नका. या भागातल्या घरगुती खाणावळी ताटं मोजून रांधतात. आदल्या रात्री शाकाहारी किती, माशांची ताटं किती आणि किती वाजता, हे तिन्ही सांगा. माशांची ताटं ऐनवेळी वाढवली तर मिळत नाहीत, कारण मासळी सकाळी आणलेली असते. खाणावळ सापडली नाही तर दापोलीहून भाकरी, सुकी उसळ, लोणचं बांधून न्या. दह्याचे पदार्थ गाडीत आंबतात.

पाणी माणशी २ लिटर, म्हणजे ८ जणांना १६. एक २० लिटरचा जार गाडीत ठेवा आणि प्रत्येकाजवळ लिटरची बाटली. ओआरएसची ४ पाकिटं. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्ध्या बाटलीत घातलं तर ते फार खारट होतं आणि उलटी होते. समुद्रावर वारा असल्यानं घाम जाणवत नाही, मग कुंडात आणखी घाम जातो. संध्याकाळची डोकेदुखी बहुतेक वेळा यातूनच येते.

चालकांनी कुंडात फक्त पाय सोडावेत. गरम पाण्यानं अंग सैल पडतं, त्यावर जेवण झालं की वळणांच्या रस्त्यावर झापड येते. दोन्ही चालकांना पूर्ण बसायचं असेल तर नंतर तासभर सावलीत झोप काढा, मगच किल्ली हातात घ्या. पेट्रोल दापोलीत भरून निघा.

पन्हाळेकाजी होऊ शकतं, पण घाईत नको. कोटजाई नदीच्या काठची २९ लेणी आहेत. बौद्ध, नंतर नाथ संप्रदायाची शिल्पं, बहुतेक सगळं एका रांगेत. निवांत बघायला दीड तास लागतो. जेवून ३ ला पोचलात तर ४:३० पर्यंत होतं आणि उजेडात दापोली गाठता येते. उशीर झाला तर लेणी सोडा, कुंडावरची विश्रांती कापू नका. त्याच दिवशी हर्णैचा मासळीचा लिलावही करू पाहाल तर काहीच धड होणार नाही. हर्णै रविवारी सकाळी करा.

---

कातळशिल्प यांचं उत्तर:

दोन गोष्टी.

एक, "खाली ज्वालामुखी आहे" असं मुलांना कोणी सांगितलं तर दुरुस्त करा. कोकणातले गरम झरे पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत एका उत्तर-दक्षिण पट्ट्यात आहेत. पावसाचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून खूप खोल उतरतं. खोलीबरोबर खडकाची उष्णता वाढत जाते, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणून उन्हवऱ्याचं पाणी कडक आणि राजापूरच्या उन्हाळ्याचं त्यामानानं कोमट. किती खोल गेलं, किती वेगानं वर आलं आणि वाटेत किती गार पाणी मिसळलं, यावर ते ठरतं.

दुसरं, आत्यांना दोन तास वाळू तुडवणं जड वाटलं तर पुढच्या खेपेला रत्नागिरी बाजूचा पर्याय ठेवा. गणपतीपुळे ते मालगुंड हा सपाट, छोटा पट्टा चाला. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथे टेकता येतं. पुळ्याच्या समुद्रात मात्र उतरू नका, तिथली ओढ घातक आहे. मग महामार्गावर येऊन संगमेश्वर तालुक्यातलं तुरळ किंवा आत राजवाडी. राजवाडीला कुंडाबरोबर सोमेश्वराचं जुनं देऊळ आहे आणि त्यातलं लाकडी कोरीवकाम मुद्दाम बघण्यासारखं आहे. तुरळचं पाणीही उगमाशी ६० अंशांच्या घरात असतं, तेव्हा वर मनगटाची जी रीत सांगितली तीच तिथेही.

या खेपेला आत्यांसाठी सोपी वाट: बाकीचे मुरूडहून चालत असताना आत्या एका गाडीनं थेट कर्द्याला जातील, आणि शेवटचा अर्धा किलोमीटर सगळ्यांना सामोऱ्या चालत येतील. तोवर ओहोटीनं वाळू घट्ट झालेली असते.

---

शेवंती_पुणे:

ठरलं. मुक्काम एक आठवडा पुढे नेला. त्या शनिवारी पौर्णिमा आहे. सकाळी ९:३० ला उन्हवरे, ११ ला बांधून नेलेलं जेवण, तिथून १२ ला पन्हाळेकाजी, ३:४५ ला मुरूड. आत्या ५:३० ला कर्द्याहून सामोऱ्या येतील. थर्मामीटर आणि ओआरएस यादीत घातले. वाकवलीहून फाट्याला पाटी आहे का, की विचारत जावं लागेल?

---

वाटसरू_खेड:

विचारतच जा, आणि विचारताना "गरम पाण्याची कुंडं" म्हणा. नुसतं उन्हवरे म्हटलंत तर गावातल्या वाडीत पाठवतील. पौर्णिमेच्या शनिवारी कुंडावर गर्दी असते, ९:३० ऐवजी ९ धरा, म्हणजे दापोली ७:३० ला सोडा.